कणगीतले धान्य आणि कडुनिंबाचा पाला

स्मरणिकेसाठी इतिहासाचा एखादा लेख द्या, असे संपादक-भगिनींनी सांगितले तेव्हा मला मोठाच पेच पडला. इतिहास म्हटला की लढाया, गड आणि राज्याभिषेक. आणि ते सारे माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या विदुषी आपल्या मंडळात आहेत. परंतु वैशाखात वर्षाचा गहू भरायला बसले आणि मनात आले की ज्या कणगीवर सारे घर चालते तिचा इतिहास कोणी लिहिला आहे का? राजाने गड राखला हे पुस्तकात सापडते. गडावरच्या शिबंदीचे धान्य किडीपासून कोणी व कसे राखले, हे मात्र शोधावे लागते. माझी मुलगी शेतकीच्या कॉलेजात शिकते. तिने वाचून दाखवलेले, सासूबाईंनी सांगितलेले आणि स्वतः पाहिलेले असे मिळून हे लिहीत आहे.

आधी शत्रूची ओळख करून घ्यावी. आपण म्हणतो, गव्हाला सोंडे झाले. जणू गव्हातूनच आपोआप उपजले. तसे नसते. सोंड्याची मादी आपल्या सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि तोंड चिकट लेपाने बुजवून टाकते. ते डोळ्यांना दिसत सुद्धा नाही. आतली अळी दाण्याचा गर खाऊन मोठी होते आणि ऊबदार दमट हवेत महिन्याभराने किडा भोक पाडून बाहेर येतो. एक मादी जन्मभरात तीनशेच्या आसपास अंडी घालते. म्हणून वैशाखात स्वच्छ दिसणारा गहू श्रावणात चाळणीतून भुरभुरतो, आणि आपण दुकानदाराला किंवा दमट हवेला बोल लावतो. कडधान्याचा भुंगा निराळा. तो तुरीवर, हुलग्यावर, चवळीवर अंडी वरच चिकटवतो. पांढरे ठिपके दिसतात ते हेच. तिसरा खापरा भुंगेरा. हा इतका चिवट की अन्न नसले तरी त्याच्या अळ्या फटीत दडून महिनोन्‌महिने राहतात. साऱ्या जगात त्याला खापरा ह्याच आपल्याकडच्या नावाने ओळखतात. अभिमान वाटण्यासारखी गोष्ट नव्हे, पण खरी आहे.

ह्या शत्रूशी आपल्या मुलखात फार जुन्या काळापासून झुंज चालली आहे. आपल्या सांगलीजवळचे हरिपूर सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या जमिनीत खोल पेवे खणून हळद वर्षानुवर्षे ठेवीत. दख्खनच्या गावोगावी जोंधळ्याचीही पेवे असत. तोंड लहान, पोट मोठे, आत कडब्याचे अस्तर, वर माती लिंपून घट्ट बंद. आतल्या दाण्यांच्या व किड्यांच्या श्वासाने प्राणवायू संपत जातो आणि किड्यांचा जीव घुसमटतो. औषधावाचून कीड मरते ती अशी. मात्र उघडल्याबरोबर पेवात उतरणाऱ्या माणसाचाही जीव त्याच कारणाने जातो. म्हणून जाणती माणसे पेव वारा लागण्यासाठी काही वेळ उघडे टाकत, दिवा सोडून पाहत आणि मगच उतरत. एखाद्या गोष्टीचे पेव फुटले, असे आपण रोज बोलतो ते ह्याच पेवावरून. हरिपूरची कितीतरी पेवे २००५ च्या महापुरात पाणी शिरून निकामी झाली.

पन्हाळ्याला सहलीला गेलेल्या भगिनींनी अंबरखाना पाहिला असेल. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावे. जाड दगडी भिंती आणि धान्य ओतण्यासाठी छतालाच ठेवलेली तोंडे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा महाराज महिनोन्‌महिने ह्याच गडावर होते. वेढ्यात तलवारीइतकीच धान्याची कोठारेही लढत असतात. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले, त्यात गडावरच्या घरांत उंदीर, विंचू, किडा, मुंगी यांना थारा मिळू नये ही दक्षता सांगितली आहे. राज्याच्या कारभारात ही बाब मोठ्यांनाही लहान वाटली नाही.

गडावरचे कोठार हवालदाराच्या ताब्यात, पण घरातली कणगी बायकांच्या. आमच्या सासूबाईंच्या माहेरी माजघरात दोन कणग्या होत्या. कणगी निरगुडीच्या फोकांची विणलेली, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली. निरगुडीच का, असे मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "अगं, तिला कीड लागत नाही. जिला स्वतःला लागत नाही ती दुसऱ्याला राखते." निरगुडीचा पाला चुरगळला की जो उग्र वास येतो तो तिच्यातल्या तेलाचा, आणि तो किड्यांना सोसत नाही, हे आता प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. सासूबाईंनी प्रयोगशाळा कधी पाहिली नाही.

इथे तेलांचा भेद थोडा सांगितला पाहिजे. एक तेल आपण घाण्यातून काढतो, ते हाताला लागते, कागदावर डाग ठेवते आणि तिथेच राहते. एरंडेल, करंजेल, निंबोळीचे तेल ही त्यातली. दुसरे तेल उडून जाते. लवंग, वेखंड, निरगुडी, निलगिरी, हळद यांचा वास म्हणजेच ते उडणारे तेल. किड्याला आपल्यासारखे नाक नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात, त्यांतून तो श्वास घेतो. बंद डब्यातल्या हवेत ही तेले पसरली की त्या छिद्रांतून आत जातात. काही किडे पळतात, काही मरतात, काहींची अंडी घालण्याची शक्ती जाते. परंतु उडणारे तेल ते उडणारच. दोन-तीन महिन्यांनी वास गेला की राखणही गेली. वेखंड बदलले पाहिजे, पाला बदलला पाहिजे, हा जो जुन्या बायकांचा धोशा असे त्यात काही वेडेपणा नव्हता.

एरंडेलाचे काम अगदी वेगळे. अख्ख्या तुरीला, मुगाला एरंडेल चोळले की दाण्यावर पातळ साय बसते. भुंग्याची अंडी वरच चिकटलेली असतात, तेलाने त्यांचा श्वास कोंडतो. प्रमाण किलोला चहाचा एक चमचा पुरे. जास्त चोळले तर डाळ खवट लागते आणि घरातली माणसे तोंड वाकडे करतात. तुरीची लवकर डाळ करून ठेवण्यातही हाच हिशेब होता. भुंग्याला अख्खा दाणा आवडतो, डाळीत त्याचा जम बसत नाही. गोवरीची चाळलेली राख चवळी-हुलग्यात मिसळत, ती किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते आणि तो वाळून मरतो. बिब्बेही टाकत. एकेका घराची एकेक रीत. कोकणात गेलेल्या माझ्या नणंदेकडे तर भात टरफलासकट भरतात. टरफल हेच त्याचे चिलखत.

कडुनिंब मात्र सगळीकडे. पाडव्याला आपण त्याची पाने खातो आणि पुढच्याच महिन्यात तोच पाला कोठीत घालतो.

आता मध्यंतरीचा काळ. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. महायुद्धात त्याने सैनिकांना हिवतापापासून व उवांच्या तापापासून वाचवले आणि १९४८ साली म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ साली हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली, १९५४ साली दिल्लीत सरकारने डीडीटीसाठी कंपनी काढली. घरोघर पंप घेऊन माणसे येत आणि भिंतींवर पांढरे फवारे मारून जात, हे माझी आजी सांगत असे. हिवताप खरोखरच हटला. त्या काळी लोकांना हे औषध देवासारखे वाटले यात त्यांचा दोष नाही. पण भिंतीवरची पूड माणसांनी कणगीतही टाकली. गॅमेक्झिनची भुकटी तर धान्याला सर्रास चोळत. त्या पुढे निंबाचा पाला कोणाला आठवतो! पाला म्हणजे अडाणीपणा आणि पुडी म्हणजे सुधारणा, असे ठरून गेले.

१९५८ साली केरळात फार मोठा अनर्थ झाला. पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक वाहतुकीत अन्नधान्याबरोबर आले, ते सांडून पिठात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्यावर चौकशी बसली आणि पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. डीडीटी अंगातल्या चरबीत साठते आणि आईच्या दुधातही उतरते, हेही हळूहळू उघड झाले. १९८९ साली शेतीतला त्याचा वापर आपल्याकडे बंद झाला, १९९७ साली गॅमेक्झिनच्या जातीची बीएचसी भुकटी बंद झाली. धान्यात ठेवायच्या ईडीबीच्या काचेच्या नळ्या एके काळी सरकारनेच घरोघर सांगितल्या होत्या. त्या २००१ साली गेल्या.

एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. दुष्काळाच्या आणि बोटीने गहू येण्याच्या त्या वर्षांत दाणा न्‌ दाणा वाचवणे भाग होते. उत्तर प्रदेशातील हापूर येथे १९५८ साली धान्यसाठवणीचे संशोधन व शिक्षण सुरू झाले. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठ्या घरोघर आल्या त्या अशाच प्रयत्नांतून. उंदराच्या दृष्टीने कणगी आणि पत्र्याची कोठी यांत तुलनाच नाही. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही.

पाल्याची आठवण शास्त्रज्ञांना झाली ती टोळांमुळे. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी निंबाच्या तेलातून निंबिन नावाचे कडू द्रव्य वेगळे केले होते. १९५९ साली सुदानात टोळधाड आली, तेव्हा श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी पाहिले की सगळी झाडे ओरबाडली गेली, कडुनिंब तेवढा हिरवा. १९६२ साली दिल्लीवर टोळ आले, त्या वेळी तिथल्या कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर मारले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी पानाला तोंड लावले नाही. १९६८ साली इंग्लंडात त्यातले मुख्य द्रव्य सापडले, त्याचे नाव अझाडिरॅक्टिन. ते इतके गुंतागुंतीचे की प्रयोगशाळेत घडवायला शास्त्रज्ञांना बावीस वर्षे लागली आणि २००७ साल उजाडले. निंबाचे झाड ते दरवर्षी निंबोळीत भरून अंगणात टाकते.

ह्या कौतुकातच एक अपमानाची गोष्ट घडली. १९९४ साली अमेरिकेचे शेतकी खाते आणि तिथली एक मोठी कंपनी यांना युरोपात निंबाच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या रीतीचे पेटंट मिळाले. म्हणजे ती रीत त्यांच्या मालकीची! भारतातून व युरोपातून त्याला विरोध झाला. वंदना शिवा ह्या आपल्या भगिनी त्यात पुढे होत्या. २००० साली पेटंट रद्द झाले, २००५ साली अपीलही फेटाळले गेले. पण एवढ्यासाठी दहा वर्षे गेली. आमच्या आज्या हे करीत होत्या एवढे सांगून तिथे भागत नाही, पुरावा लागतो. भारतातल्या एका कारखान्याच्या माणसाने आम्ही असे तेल आधीपासून काढीत होतो अशी साक्ष दिली, ती मोलाची ठरली. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा सासूबाई भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. तिला कोण साक्षीला बोलावणार?"

वेखंडाची कथा जरा कडू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९७७ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी वेखंडाच्या तेलातले असॅरोन नावाचे द्रव्य किड्यांना वांझ करते, असे दाखवले. आपल्या देशातल्या वेखंडात हे द्रव्य पुष्कळ असते. म्हणजे आपल्या आज्यांची निवड अचूक होती. पण त्याआधीच, १९६८ साली, अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली होती, कारण हे तेल खाऊ घातलेल्या उंदरांना गाठी झाल्या. तेव्हा ज्या भगिनी गव्हाला वेखंडाची पूड चोळतात त्यांना माझी विनंती आहे की तसे करू नका. फडक्यात पुरचुंडी बांधून ठेवा आणि दळणाआधी काढून घ्या. बियाण्याला पूड चोळायला हरकत नाही, ते पेरायचे आहे. बाळगुटीत वेखंडाचे वेढे देतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. हे लिहिताना माझा हात अडखळला, कारण माझ्या दोन्ही मुलांना मी ते वेढे दिले आहेत.

निंबाच्या पाल्याबद्दलही फार मोठी आशा धरू नये. निंबोळीत जो जोर आहे तो पानात नाही. पाला किडीला दूर ठेवतो, पण दाण्याच्या आत आधीच बसलेल्या अळीला त्याचे काही वाटत नाही. म्हणून पहिले काम उन्हाचे. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. शेकडा दहाच्या खाली ओल गेली की किडीला वाढणे फार कठीण. मग कोठी घासूनपुसून, फटी पाहून, धान्य थंड करून भरायचे, आणि मग पाला. पाल्यावर सगळा भार टाकून ओला गहू भरला आणि नंतर निंबाला नावे ठेवली, असेही मी पाहिले आहे.

आता जे लिहिणार आहे ते घरच्या माणसांना विचारून लिहीत आहे. माझ्या मावसबहिणीच्या घरी तिच्या सासूबाई होत्या तोवर दरवर्षी पाला पडे. त्या वारल्या त्या वर्षी गहू तसाच भरला गेला आणि पावसाळ्यात सोंडे झाले. दुकानातून कोणी गोळ्या आणून दिल्या. त्या किती जहाल आहेत हे देणाऱ्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्याने विचारले नाही. गव्हाची पोती ज्या खोलीत होती तिथेच दोन लेकरे निजली होती, पावसाची झड म्हणून खिडक्या लावलेल्या. ह्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो. मध्यरात्री मुलांना उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटले, बाहेरचे खाणे बाधले. सकाळी दवाखान्यात नेईतो उशीर झाला होता. मुलगा वाचला. धाकटी चार वर्षांची होती, ती गेली.

ह्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात वापरायला परवानगीच नाही. सरकारी गोदामात किंवा परवानाधारक माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या, असा नियम आहे. तरी त्या गावोगावी मिळतात. आपल्यापैकी कोणाकडे असतील तर त्यांनी हात न लावता कृषी खात्याच्या माणसाला विचारावे. चुलीत टाकू नयेत, पाण्यात टाकू नयेत. पाण्याने तर वायू अधिकच जोराने सुटतो.

मावसबहीण त्यानंतर दोन वर्षांनी आमच्याकडे आली होती. कोठी उघडून सासूबाई पाला बदलत होत्या. ती बराच वेळ नुसती पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या आत्याबाई किती पाला घालायच्या हो? मी कधी लक्षच दिलं नाही." सासूबाईंनी तिला जवळ बसवले आणि हातानेच दाखवले, तळाला एवढा थर, मग गहू, मध्ये पुन्हा एवढा, वर झाकणाखाली एवढा. माप असे काही नव्हतेच, मुठीचाच हिशेब. ती मूठ तिने आपल्या मुठीशी लावून पाहिली.

ते मी त्या दिवशी वहीत उतरवून घेतले. किलोमागे किती, असे वजन करून पाहिले तर दर वेळी निराळे आले, म्हणून शेवटी मुठीच लिहिल्या: पन्नास किलोच्या कोठीला तळाला चार, मध्ये चार, वर तीन. मुलीला हे शास्त्रीय वाटत नाही. आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या आठ-दहा भगिनी आहेत. कोणी कऱ्हाडकडच्या, कोणी विजापूरकडच्या, एक तर थेट वऱ्हाडातल्या. त्यांच्याकडे काय घालत, कधी घालत, केव्हा बदलत, हे त्यांनी मला सांगावे. मी वही घेऊन घरी येईन.

यंदाचा आमचा गहू अजून भरून झालेला नाही. पाला आठ दिवस माडीवर सावलीत पसरला आहे. उन्हात टाकला तर त्याचा गुण जातो, म्हणून सावलीत. काल मी म्हटले, "आई, आता झाला असेल, भरून टाकू या." त्यांनी दोन पाने हातात घेऊन चुरली, कानाशी नेली. "अजून वाजत नाही गं," म्हणाल्या, "ओला पाला घातलास तर बुरशी धरेल. आणखी दोन दिवस राहू दे." मी पाला परत पसरला.